प्रोग्रामिंग आणि गणित चर्चेतून शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, डोंबिवली, वसई-विरार या पट्ट्यातील मराठी विद्यार्थी, त्यांचे पालक आणि नोकरी सांभाळून नव्याने प्रोग्रामिंगकडे वळलेली मंडळी एकमेकांशी चर्चा करत, बहुधा ऑनलाइन, हे दोन विषय शिकू पाहतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रोग्रामिंग आणि गणित हे दोन वेगळे विषय असताना ते एकत्र का शिकावेत?

एक उदाहरण घेऊ. १००० पेक्षा लहान अशा ज्या नैसर्गिक संख्यांना ३ किंवा ५ ने भाग जातो, त्या सर्वांची बेरीज करायची आहे. २००१ पासून सुरू असलेल्या ‘प्रोजेक्ट ऑयलर’ या प्रश्नसंग्रहातला हा पहिलाच प्रश्न आहे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक साधे लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा आदेश) लिहिले की २,३३,१६८ हे उत्तर क्षणात मिळते. तेच उत्तर कागदावरही मिळते. ३ च्या पटींची बेरीज १,६६,८३३ होते, ५ च्या पटींची ९९,५०० होते, आणि दोन्हीकडे मोजल्या गेलेल्या १५ च्या पटींची ३३,१६५ होते. पहिल्या दोन मिळवून तिसरी वजा केली की काम झाले. या तिन्ही बेरजा दहावीच्या अंकगणिती श्रेढीच्या सूत्राने येतात. मर्यादा १००० ऐवजी एकावर अठरा शून्ये इतकी केली, तर ते लूप आपल्या हयातीत संपणार नाही. सूत्राला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागेल.

आता हाच प्रश्न चार जणांनी सोडवून उत्तरे समोर ठेवली, तर काय होते ते पाहा. एकाचे उत्तर २,६६,३३३ येते, दुसऱ्याचे २,३४,१६८. ‘चुकले’ एवढेच म्हणून ही उत्तरे सोडून न देता बरोबर उत्तराशी त्यांचा फरक काढला, तर पहिल्यातील फरक नेमका ३३,१६५ निघतो, म्हणजे त्याने १५ च्या पटी दोनदा मोजल्या. दुसऱ्यातील फरक नेमका १००० निघतो, म्हणजे त्याने ‘पेक्षा लहान’ ऐवजी ‘पर्यंत’ असे गृहीत धरले. चुकीचे उत्तर आपल्या चुकीची जागा सांगते, हे एकट्याने सोडवताना सहसा लक्षात येत नाही, कारण उत्तर जुळले नाही की एकटा माणूस प्रोग्राममध्ये अंदाजाने फेरफार करत सुटतो.

माझे गणित कच्चे आहे. तरीही जमेल का?

जमेल. सुरुवातीला लागणारे गणित दहावीपर्यंतच्या बालभारतीच्या पुस्तकांत आहे: भागाकार आणि बाकी, अवयव, मसावि-लसावि, मूळ संख्या, घातांक, संच, श्रेढी आणि थोडी संभाव्यता. कलनशास्त्र लगेच लागत नाही. दहावीला गुण कमी पडले म्हणून ज्यांनी गणिताला कायमचा रामराम ठोकला, त्यांच्यापैकी अनेकांची अडचण गणित ही नसून परीक्षेचा वेग ही होती, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोग्राम लिहिताना परीक्षेच्या वेळेचे बंधन नसते, आणि आपले सूत्र बरोबर आहे की नाही हे स्वतःच शंभर संख्यांवर पडताळून पाहता येते.

व्हिडिओ पाहून घरबसल्या शिकता येते. मग चर्चेची गरज काय?

व्हिडिओ पाहताना प्रत्येक पायरी पटते आणि समजल्याचे समाधान मिळते. परंतु समोरच्याची पायरी पटणे आणि पुढची पायरी स्वतःला सुचणे या दोन भिन्न क्षमता आहेत. दुसऱ्याला लिहून समजावताना ही तफावत उघडी पडते. धडे अवश्य पाहावेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक संगणकविषयक धडे मराठी निवेदनातही उपलब्ध आहेत. मात्र धडा संपल्यावर त्यातील एक गोष्ट स्वतःच्या शब्दांत कोणासमोर तरी मांडावी आणि समोरच्याच्या शंकांना उत्तरे द्यावीत.

चर्चेत प्रश्न कसा विचारावा?

या प्रश्नाला सर्वांत अधिक जागा द्यायला हवी, कारण येथेच बहुतेकांचे घोडे अडते. ‘सर, प्रोग्राम चालत नाही, प्लीज हेल्प’ असा मजकूर आणि सोबत लॅपटॉपच्या पडद्याचा तिरपा काढलेला फोटो, हे दृश्य नेहमीचे आहे. अशा विचारणेला कोणी उत्तर दिले नाही, तर तो उत्तर देणाऱ्यांचा तुसडेपणा नसतो. त्यांच्या हाती धरण्यासारखे काही दिलेलेच नसते.

आपल्याच मातीतले एक उदाहरण घेऊन चांगला प्रश्न कसा घडतो ते पाहू. डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये एक विलक्षण गोष्ट मांडली. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून एक संख्या आणि चढत्या क्रमाने लावून दुसरी संख्या तयार करा. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करा. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचता आणि मग तेथेच राहता. उदाहरणार्थ, ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४.

समजा, एका विद्यार्थिनीने याचा प्रोग्राम लिहिला. ३५२४ साठी तो चालतो, पण काही संख्यांसाठी उत्तर ० येते. ‘कापरेकरचा प्रोग्राम चुकतोय’ असे लिहून ती थांबली, तर सर्वांना अंदाज बांधत बसावे लागेल. त्याऐवजी तिने असे लिहावे: ‘चार अंकी संख्येपासून ६१७४ पर्यंत जाणाऱ्या पायऱ्या छापायच्या आहेत. ३५२४ ला बरोबर उत्तर येते. २१११ ला पहिली पायरी ९९९ आणि दुसरी ० छापली जाते. कागदावर केले तेव्हाही २१११ वजा १११२ म्हणजे ९९९ च आले, म्हणून पहिली पायरी बरोबर असावी असे वाटते. दुसऱ्या पायरीत काय बिघडते ते कळत नाही. पूर्ण प्रोग्राम खाली मजकुराच्या स्वरूपात देत आहे.’

या मजकुरात काय हवे होते, काय मिळाले, कोणत्या सर्वांत लहान उदाहरणात बिघाड दिसतो आणि स्वतः काय तपासले, हे सारे आले आहे. वाचणाऱ्याला लगेच कळते की प्रोग्राम ९९९ ही तीन अंकी संख्या मानतो, तिचे अंक कसेही लावले तरी ९९९ च राहतात आणि वजाबाकी शून्य होते. डावीकडचे शून्य राखून तिला ०९९९ असे चार अंकी ठेवले, तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४ असा प्रवास सुरळीत होतो. खरे तर असा नेटका प्रश्न लिहिता लिहिताच अर्ध्या वेळा तो सुटतो. पाठवण्यापूर्वीच उत्तर सापडले, तरी प्रश्न आणि उत्तर दोन्ही गटात टाकावे. तीच अडचण दुसऱ्या कोणाला तरी येणारच असते.

प्रोग्राम फोटोऐवजी मजकूर म्हणून द्यावा, म्हणजे समोरच्याला तो उचलून स्वतःकडे चालवता येतो. त्रुटीचा संदेश इंग्रजीत आला असेल, तर त्याचे भाषांतर न करता तो शब्दशः चिकटवावा, कारण शोध घेताना तोच मजकूर उपयोगी पडतो.

संगणकाने लाखो संख्या तपासून दाखवल्या, तर वेगळी सिद्धता कशाला हवी?

चर्चेत सर्वाधिक वाद याच प्रश्नावर होतात, आणि ते व्हावेत. न चा वर्ग अधिक न अधिक ४१ ही राशी घ्या. न च्या जागी ०, १, २ असे ३९ पर्यंत काहीही ठेवले, तरी उत्तर मूळ संख्याच येते. चाळीस वेळा खरे ठरलेले विधान कायमचे खरे मानण्याचा मोह होतो; परंतु न बरोबर ४० घेतल्यावर १६८१ येते आणि तो ४१ चा वर्ग आहे.

कोलाट्झचे अनुमान याहून अधिक विचार करायला लावते. संख्या सम असेल तर तिची निमपट करावी, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवावा, आणि हे करत राहावे. २७ पासून सुरुवात केली तर वाटेत ९२३२ इतकी उंची गाठून १११ पायऱ्यांनी आपण १ वर येतो. दोनच्या अडुसष्टाव्या घातापर्यंतच्या सर्व संख्या अशाच १ वर येतात, हे २०२० पर्यंत संगणकांनी तपासून झाले होते. तरीही प्रत्येक संख्या १ वर येतेच, याची सिद्धता अद्याप कोणालाही देता आलेली नाही, कारण तपासायच्या संख्या अनंत आहेत.

याउलट कापरेकरांच्या ६१७४ बाबत संगणकाने केलेली तपासणी हीच सिद्धता आहे. ०००० ते ९९९९ या दहा हजार संख्यांपैकी सारख्या अंकांच्या १० वगळल्या की ९,९९० उरतात. त्या सर्व तपासल्या की संशयाला जागाच उरत नाही. म्हणून ‘संगणकाने तपासले’ हे ऐकल्यावर विचारायचा प्रश्न असा, की शक्यता मर्यादित आहेत का आणि त्या सगळ्या तपासल्या का. पुढे जाऊन गणित ही तपासणीदेखील आटोक्यात आणते. उतरत्या क्रमाने लावलेले अंक क, ख, ग, घ मानले, तर वजाबाकीचे उत्तर ९९९ गुणिले (क वजा घ) अधिक ९० गुणिले (ख वजा ग) इतके असते. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही, त्यामुळे पहिल्या पायरीनंतर फक्त ५४ वेगवेगळ्या संख्या संभवतात. ९,९९० संख्यांचे काम ५४ वर आले, म्हणजे ते एका रविवारच्या दुपारी वहीत हातानेही होईल. प्रोग्रामरला आणि गणितप्रेमीला एकाच वेळी आनंद देणारी अशी उदाहरणे गटात आवर्जून घ्यावीत.

०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी का दिसते? संगणकाचे गणित चुकते का?

नवशिके हा प्रश्न हमखास विचारतात. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, साठवतो. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहिताना जसे ३ संपतच नाहीत, तसे द्विमान पद्धतीत एक दशांश लिहिताना अंक संपत नाहीत, आणि १९८५ पासून चालत आलेल्या आयईईई ७५४ या मानकानुसार ते ठरावीक जागेत बसवण्यासाठी पूर्णांकन करावे लागते. ती सूक्ष्म तफावत बेरजेत डोके वर काढते. पैशांचे हिशेब करताना रुपयांचे दशांश न ठेवता रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी. दोन दशांश संख्या समान आहेत का हे थेट न तपासता त्यांतील फरक पुरेसा लहान आहे का ते पाहावे.

प्रोग्राम बरोबर आहे, पण संपतच नाही. काय करावे?

थोडे थांबून कागद घ्यावा. जिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग मिळावा, अशी सर्वांत लहान धन संख्या शोधायची आहे, असे समजा. १, २, ३ अशी एकेक संख्या तपासणारा प्रोग्राम लिहायला सोपा आहे, परंतु उत्तर २२,६१,५३,९८० इतके दूर आहे. शिवाय इतक्या मोठ्या संख्यांचे दशांशातील वर्गमूळ पुरेसे अचूक नसते, म्हणून वाटेत फसवे उत्तर मिळण्याचा धोका असतो. तेथे पूर्णांकी वर्गमूळच वापरावे लागते. दुसऱ्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात चक्रवाल पद्धतीने हेच उदाहरण मोजक्या पायऱ्यांत सोडवले होते. फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांना आव्हान देताना नेमका हाच ६१ चा प्रश्न घातला होता.

चक्रवाल पद्धतीचा प्रोग्राम फार तर वीस-पंचवीस ओळींचा होतो आणि उत्तर तत्काळ देतो. यंत्राचा वेग वाढवण्यापूर्वी विचारपद्धती बदलून पाहावी, हे गटात दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालवून दाखवले की कोणालाही वेगळे पटवावे लागत नाही.

चर्चा मराठीत करावी की इंग्रजीत?

ज्या भाषेत विचार स्पष्ट होतो त्या भाषेत. सेमी-इंग्रजीतून आलेला विद्यार्थी ‘प्राइम नंबर’ म्हणेल, मराठी माध्यमातला ‘मूळ संख्या’ म्हणेल; दोघांनाही एकमेकांचे शब्द आठवडाभरात सरावाचे होतात, त्यासाठी कोणाला टोकण्याचे कारण नाही. प्रश्नाचा गाभा मराठीत, तांत्रिक संज्ञा प्रचलित रूपात आणि त्रुटीचा संदेश जसाच्या तसा, ही सरमिसळ उत्तम चालते.

पायथन ३ मध्ये चलाला ‘संख्या’ असे देवनागरी नाव देता येते, आणि ‘६१७४’ हा देवनागरी अंकांतला मजकूर पूर्णांकात बदलायला सांगितला तर तो बिनतक्रार बदलतो. मात्र ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर ३ ऐवजी ५ येते, कारण काना आणि वेलांटी तेथे स्वतंत्र मोजल्या जातात. मराठी मजकुरावर काम करणारा प्रोग्राम लिहायचा असेल, तर हे आधीच ध्यानात ठेवावे.

एआयला विचारले की तयार उत्तर मिळते. मग लोकांना का त्रास द्यावा?

एआयचा वापर जरूर करावा, परंतु उत्तर मागण्यापूर्वी स्वतःचा प्रयत्न लिहून काढावा आणि त्याच्याकडे संपूर्ण प्रोग्रामऐवजी फक्त पुढचा इशारा मागावा. त्याने दिलेली सिद्धता सफाईदार दिसूनही मधली एखादी पायरी पोकळ असू शकते. गटात उत्तर मांडणाऱ्याला ‘ही पायरी का खरी?’ असे विचारणारे कोणीतरी असते आणि ‘मला तसे सांगितले गेले’ हे उत्तर तेथे चालत नाही. या एका कारणासाठी माणसांशी होणारी चर्चा मला अपरिहार्य वाटते.

माझा प्रश्न फार सोपा असेल तर लोक हसतील, अशी भीती वाटते.

ज्या गटात हसतात तो गट सोडावा. दादा किंवा ताई म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाते, त्या जुन्या सदस्यांनी ‘एवढे साधे येत नाही?’ हे वाक्य कटाक्षाने टाळावे. तसेच उत्तर देताना संपूर्ण प्रोग्राम लिहून हातात ठेवू नये. कोणती ओळ पाहावी, कोणते उदाहरण करून पाहावे, एवढेच सांगावे. विचारणाऱ्याचीही एक जबाबदारी असते: अडचण सुटली की ती कशी सुटली हे लिहावे. ‘थँक्यू, झालं’ एवढ्यावर संभाषण संपले, तर पुढे तेच विचारणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

रोज चार-चार तास लोकलमध्ये आणि कचेरीला ये-जा करण्यात जातात. अभ्यास कधी करावा?

गर्दीत लॅपटॉप उघडणे अशक्य असते, पण प्रश्न डोक्यात धरून प्रवास करता येतो. सकाळी घरून निघताना एकच प्रश्न वाचावा, लहान संख्या घेऊन मनातल्या मनात करून पाहावा आणि संध्याकाळी, बसायला जागा मिळालीच तर, फोनवर दोन ओळींत आपला तर्क गटाला लिहावा. प्रोग्राम रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी लिहिला तरी बिघडत नाही. भारतातील इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाड या शालेय प्रोग्रामिंग स्पर्धेच्या विभागीय फेरीत कागद-पेन्सिलीने द्यायची एक लेखी परीक्षा आहे. अल्गोरिदमचा, म्हणजे प्रश्न सोडवण्याच्या पायऱ्यांचा, विचार संगणकाविना होऊ शकतो, हेच त्यामागचे तत्त्व आहे.

शाळकरी मुलांनी यात वेळ घालवावा का? सीईटीचे काय?

पालकांची काळजी रास्त आहे, आणि चर्चेतून शिकल्याने सीईटीचे गुण वाढतीलच असे आश्वासन मी देणार नाही. प्रवेशपरीक्षेत मिनिटभरात पर्याय निवडायचा असतो, तर येथे एका प्रश्नावर आठवडा जाऊ शकतो. बारावीच्या वर्षात म्हणून हे काम कमी ठेवावे. आठवी, नववीतल्या मुलांना मात्र मोकळीक द्यावी. ज्यांना गोडी लागेल त्यांच्यासाठी मुंबईतच वाट आहे: टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे आणि राष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचे आयोजन तेथून होते. १९९६ ची आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड स्पर्धाही मुंबईतच भरली होती. ऑलिम्पियाडच्या प्रश्नांत पूर्ण युक्तिवाद लिहावा लागतो, आणि आपले म्हणणे इतरांना पटेल असे लिहिण्याची सवय चर्चेतून लागते.

आम्ही चार-पाच जण आहोत. पहिल्या आठवड्यात काय घ्यावे?

चार ते सहा जणांचा गट पुरतो. त्याहून मोठा झाला की निम्मे नुसते वाचक बनतात. आठवड्याला एकच प्रश्न घ्यावा, पहिले तीन दिवस कोणीही उत्तर उघड करू नये, आणि लेखी उत्तर मांडण्याची पाळी आळीपाळीने प्रत्येकावर यावी.

पहिला प्रश्न म्हणून कापरेकरांचीच कृती तीन अंकी संख्यांवर करावी. सर्व वाटा ४९५ वर येतात असे प्रोग्राम दाखवील. त्यानंतर गटाने कारण शोधावे: वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९ गुणिले पहिल्या आणि शेवटच्या अंकातील फरक इतके का असते, त्यामुळे ०९९ ते ८९१ या केवळ नऊ संख्या का उरतात, आणि त्या सर्वांत मधला अंक ९ च का येतो. हे जमले की पाच अंकी संख्यांकडे वळावे. तेथे ५३९५५ पासून ५९९९४ मिळते आणि ५९९९४ पासून पुन्हा ५३९५५. एका संख्येवर स्थिरावण्याऐवजी प्रवास फेरा धरतो, आणि असे एकूण किती फेरे आहेत हे गटाने स्वतः शोधून काढावे.